देवीला गेलेलं बियाणं

मला पुरस्कार मिळाला तेव्हा मानपत्र वाचणाऱ्या बाईंनी माझी ओळख ‘ज्येष्ठ वनस्पती-जनुकशास्त्रज्ञ’ अशी करून दिली. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आत्याने शेजारच्या अनोळखी बाईकडे वळून, स्टेजवर मला ऐकू येईल अशा आवाजात खुलासा केला, “म्हंजे भात लावते ती.”

मानपत्रापेक्षा आत्याचं वाक्य जास्त नेमकं होतं. मी भात लावते. फक्त कोणत्या भाताचं लग्न कोणाशी लावायचं आणि झालेल्या पोरांपैकी कोणाला ठेवायचं हे ठरवण्याचा मला पगार मिळायचा. शहापूरजवळच्या ज्या घरात मी वाढले तिथे भात ही कॉलेजात जाऊन शिकायची गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. पहिली नोकरी लागल्यावर मी चिखलाने भरलेले कपडे धुवायला घरी आणले, तेव्हा वडील ओसरीवरून म्हणाले, “चिखलच तुडवायचा होता, तर आपल्या घरचा काय वाईट होता?” पण दुसऱ्या दिवशी मी परत गेले, आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले.

जनुकशास्त्रज्ञ हा शब्द मात्र फार त्रासदायक. तो ऐकला की लोक आपली मुलं घेऊन यायचे. वाशिंदच्या एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ खास रजा टाकून आमच्या संशोधन केंद्रावर आले होते. सोबत आठवीतला मुलगा. म्हणाले, “मॅडम, हा गणितात नापास होतो. बायको म्हणते हे माझ्याकडून आलंय. माझं म्हणणं, तिच्या भावाकडून आलंय. तुम्ही काय ते एकदा लिहून द्या.”

“अहो, मी भाताची आहे,” मी म्हटलं.

“तत्त्व तेच ना?” ते म्हणाले.

तत्त्व तेच, हे मला नाकारता येईना. शेवटी मी मुलाला बांधावर नेऊन दोन वाण दाखवले, आणि एकाच आईबापाच्या पोटी उंच आणि बुटकं दोन्ही कसं येतं ते समजावलं. मुलाला ते चटकन समजलं. बापाला नाही. गणित कोणाकडून आलं असावं याचा मला अंदाज आला, पण मी काही लिहून दिलं नाही.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. भाताचं फूल बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. तुसाच्या आत ते असतं आणि सकाळी उन्हं वर आली की थोडा वेळ उघडतं. भात स्वतःचं स्वतःच फळतं, त्याला दुसऱ्या कुणाची गरज नसते. आम्हाला संकर करायचा असेल तर फूल उघडायच्या आधी तुसाचा शेंडा बारीक कात्रीने कापायचा, आतले सहा पुंकेसर चिमट्याने एकेक करून काढायचे, आणि लोंबीला कागदी पिशवी घालून ठेवायची. मग दुसऱ्या भाताची फुललेली लोंबी आणून त्यावर हलकेच झटकायची. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मान दुखते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि इतकं करून हाती दाणे येतात चिमूटभर.

ते दाणे पेरले की पहिली पिढी सगळी एकसारखी दिसते, त्यामुळे बाहेरचा माणूस खूष होतो. खरी मजा दुसऱ्या पिढीत. त्यात आजोबाची उंची, आजीचा रंग, कुणाचं काय आणि कुणाचं काय असं सगळं बाहेर पडतं. त्यातून मनासारखी रोपं निवडायची, त्यांचं बी वेगवेगळं ठेवायचं, पुढच्या वर्षी प्रत्येकाची वेगळी ओळ लावायची, परत निवडायची. असं वर्षामागून वर्ष करत राहिलं की कधीतरी एक वाण स्थिर होतो, म्हणजे मुलं आईबापासारखीच निघायला लागतात. मधल्या एखाद्या वर्षी निवडलेल्या रोपांचं बी गेलं, तर मागची सगळी वर्षं गेली. या धंद्यात भीती वाटावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे. आणि ती माझ्या बाबतीत घडली.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं. त्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथे हिराबाईची खाचरं होती. आमच्या कृषी सहायकाला मी विचारलं होतं, की या पट्ट्यात सगळ्यात जास्त भात कुणाचं लोळतं? तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “हिराबाईचं. तिचं भात दर वर्षी झोपतं, मॅडम.”

त्या बाजूला एक जुनं तांबडं भात होतं. चवीला गोड, मुळं खोल. उतारावरच्या त्या खाचरांतलं पाणी गणपतीनंतर पावसाने जरा दडी मारली की निथळून जायचं. आमचे केंद्रावरचे सगळे नामांकित वाण तिथे आठवड्यात पिवळे पडले होते. तांबडं मात्र टिकायचं. पण त्याची काडी उंच आणि मऊ. दसऱ्याच्या सुमारास लोंब्या भरून जड झाल्या की परतीचा पाऊस घाटावरून वाऱ्यासकट खाली यायचा आणि सगळं भात आडवं करून जायचं. लोंब्या पाण्यात, दाण्याला तिथेच मोड. ते भात ना खायचं, ना विकायचं. हिराबाईच्या घरी दर वर्षी हे चालायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती गुडघ्यावर बसून लोळलेल्या भातातून बऱ्या लोंब्या वेचत होती. चाळिशीच्या आतली, सडसडीत, बोलायला फटकळ. मी माझं नाव, हुद्दा सगळं सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, “बियाणं द्याला आल्याव? मागं पन आल्तं एक साहेब. त्यांचं उभं ऱ्हायलं, पन वाळून गेलं.”

“मी द्यायला नाही, मागायला आले,” मी म्हटलं. “तुझं तांबडं पाहिजे मला. आणि तुझं खाचर.”

तेव्हा तिने मान वर केली.

हळूहळू तिची सगळी कथा कळली. नवरा सखाराम कल्याणला एका वर्कशॉपमध्ये कामाला, खोली तिकडेच, रविवारी यायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याला ही जमीन नको होती. मुरबाडकडच्या सगळ्या रस्त्यांवर फार्महाऊसच्या पाट्या लागायला लागल्या होत्या आणि एक एजंट हिराबाईच्या खाचरांवर डोळा ठेवून होता, कारण तिथून समोर डोंगर आणि पावसाळ्यात धबधबे दिसतात. सातबारावर दोघांची नावं होती. सखारामची सही तयार होती, हिराबाईची नव्हती. “दर साली भात झोपतंय, नि ही त्याच्या उशाशी बसतेय,” असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. त्याच्यासमोर हिराबाई खाली मान घालून लोंब्या वेचत राहायची. मला मात्र एकदा एकटीला म्हणाली, “उभं ऱ्हायलं ना ताई एकदा, तर त्याचं तोंड बंद व्हईल. मंग मी नाय इकाची.”

म्हणजे माझं भात उभं राहिलं तर जमीन राहणार होती. माझ्या प्रयोगावर असं ओझं त्याआधी कुणी टाकलं नव्हतं. केंद्रावर भात पडलं तर आम्ही तक्त्यात आकडा लिहायचो आणि चहा प्यायचो.

तांबड्याचं लग्न मी आमच्याकडच्या एका बुटक्या, ताठ काडीच्या भाताशी लावलं. पुढच्या पिढ्यांची निवड हिराबाईच्याच खाचरात करायची असं ठरवलं आणि त्यावरून आमच्या साहेबांशी माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, निवड केंद्राच्या कुंपणात व्हावी, तिथे पाणी आहे, राखण आहे. माझं म्हणणं, जे भात केंद्रावर उभं राहतं त्याचा हिराबाईला काय उपयोग? तिथला वारा, तिथला उतार, तिथला पाऊस इकडे कुठून आणणार? शेवटी ते म्हणाले, “जबाबदारी तुमची, मॅडम.” मी म्हटलं, “माझीच.” हे वाक्य बोलायला फार सोपं असतं.

पिढ्या सरकत गेल्या. मी लावणीला, फुलोऱ्याला आणि कापणीला जायची, मधे राखण हिराबाईची. एक अडचण मात्र सुटत नव्हती. निवडलेल्या रोपांना खूण म्हणून आम्ही कागदी चिठ्ठ्या बांधायचो आणि त्या माळशेजच्या पावसात लगदा होऊन जायच्या. प्लास्टिकच्या बांधल्या तर वाडीतली पोरं पळवायची, त्यांचे फार सुंदर भोवरे होत असत म्हणे. मग एका वर्षी मी मुरबाडच्या बाजारात गेले आणि लाल लोकरीचा गुंडा घेतला. लोकर कुजत नाही, रंग लांबून दिसतो, पोरांना तिचा काही उपयोग नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

ते वर्ष महत्त्वाचं होतं. वाण जवळजवळ स्थिर झाला होता. उंची कमी, काडी ताठ, दाणा तांबडा आणि मुळं तांबड्या आईसारखी खोल. त्या खाचरात मोजकी रोपं अशी होती की मी ती परत परत मोजायची. मी एकेका रोपाला लाल लोकर बांधली. हिराबाई आणि तिची सासू बांधावर उभ्या राहून बघत होत्या. दोघींच्या चेहऱ्यावर एवढा आनंद कशाचा, असं माझ्या मनात आलं खरं.

मी निघताना हिराबाईला बजावलं, “ही वेगळी ठेवायची. यांना कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. आणि कापताना आधी ही कापायची, बाकीचं मग.”

“तर वो ताई, ही आधीच कापत्यात,” ती म्हणाली. सासूनेही मान डोलावली. मी निश्चिंत मनाने एसटीत बसले.

कापणीला मी स्वतः असणार होते. पण नेमकी वरिष्ठ कार्यालयात बैठक निघाली. मला पोहोचायला थोडे दिवस उशीर झाला. वाडीच्या वाटेवर बायका भेटल्या, त्या माझ्याकडे बघून इतक्या मायेने हसल्या की मला काही कळेना. एक म्हातारी तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “सरकारी बाई असून रीत पाळतंस गो.”

खाचरापाशी आले. भात उभं होतं, कापणी सुरू व्हायची होती. आणि जिथे जिथे मी लाल लोकर बांधली होती, तिथे तिथे खड्डा दिसत होता. अख्खी रोपं बुडापासून कापून नेलेली.

हिराबाई धावत आली. चेहरा उजळलेला. “ताई, तुमी नाय आल्याव, पन आमी थांबलो नाय. चार-पाच दिसांमागं नवं झालं. तुमची समदी देवीला वायली!”

हळूहळू उलगडा झाला. त्या वाडीत नवं भात खाण्याआधी पहिल्या लोंब्या गावदेवीला जातात. आणि देवीची रोपं आधीच निवडून ठेवतात. खाचरात जी सगळ्यात भरदार दिसतील, त्यांना लाल दोरा बांधायचा. त्यांना पाय लागू द्यायचा नाही. ती वेगळी ठेवायची आणि सगळ्यात आधी कापायची. म्हणजे मी जे जे बजावलं होतं, ते ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. एरवी एका खाचरातून एखाददुसरं रोप जायचं, मी तर इतकी बांधली होती. सगळ्या वाडीने माझ्या भक्तीचं कौतुक केलं होतं.

मला रडू आलं. आडून-बिडून नाही, तिथेच बांधावर बसून मी रडले. राग तर इतका आला होता की कुणावर काढावा ते कळेना. देवीवर काढता येईना, लोकरीवर काढून उपयोग नव्हता. हिराबाईला जेव्हा कळलं की ते बियाणं होतं, सगळं बियाणं होतं, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती खाली बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “म्हंजे आता काय नाय उरलं?”

“नाही.”

“एजंट दिवाळीला येतंय,” ती एवढंच म्हणाली.

मी उठून देवळात गेले. कौलारू, छोटं देऊळ. देवीसमोरच्या आढ्याला लोंब्यांची जाडजूड जुडी टांगलेली होती, माझी लाल लोकर अजून तशीच. हात वर केला असता तर पोहोचला असता. प्रत्येक लोंबी वेगळी करून पेरली असती तर माझं काम वाचलं असतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. हिराबाईची सासू मागून आली. म्हणाली, “देवीकडं गेलेलं घरात नेत नाय गो. वरीसभर हितंच ऱ्हातंय, मंग ओढ्याला सोडतात. पन तुझी मेहनत हाय. तुला काढाचं आसल तर तू काढ. आमी नाय काढनार, नि तुला आडवनार बी नाय.”

मी त्या जुडीखाली बराच वेळ उभी राहिले. मी फार देवभोळी नाही, उगाच मोठेपणा घेत नाही. मी हात लावला नाही तो हिशेबाने. देवीच्या आढ्यावरून काढलेलं बियाणं या वाडीत कुणी खाचरात टाकलं असतं? हिराबाईनेसुद्धा टाकलं नसतं. आणि ज्यांच्यासाठी वाण करायचा त्यांनीच तो पेरायचा नाही, तर मग मी तो कशाला केला? मी हात जोडले आणि बाहेर आले.

परत खाचरावर गेले. दुसरं जायचं कुठे? त्या खड्ड्यांपैकी एकापाशी बसले आणि उगाच धसकट चाचपत राहिले. माती अजून ओली होती. धसकटाच्या बुडाशी, कापलेल्या काडीच्या शेजारून, बोटभर हिरवा कोंब वर आला होता.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. कापलेल्या भाताला ओल मिळाली की परत फुटवे येतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. गुरं ते आनंदाने खातात. पण रडताना माणसाची अक्कल कुठे जागेवर असते! लोंब्या देवीकडे गेल्या होत्या, रोप मात्र इथेच होतं. तेच मूळ, तीच जनुकं, काडीचाही फरक नाही. आणि बाकीचं भात अजून उभं होतं म्हणून कोणतं धसकट माझं हे खड्ड्यांवरून स्पष्ट दिसत होतं. कापणी झाली असती तर सगळी धसकटं सारखीच दिसली असती.

“हिरा!” मी ओरडले. मी तिला पहिल्यांदाच ‘बाई’ न लावता हाक मारली. “कुदळ आण! आणि घरातले फुटके डबे, बादल्या, असतील नसतील ते सगळे!”

तिने काय, कशाला विचारलं नाही. सासूसुद्धा आली. आम्ही तिघींनी एकेक धसकट मातीच्या ढेकळासकट खणून काढलं. तेलाचे डबे, रंगाचे डबे, तळ गेलेलं घमेलं, जे मिळालं त्यात बसवलं. सासू प्रत्येक डबा उचलताना देवळाच्या दिशेने बघून काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं, काय म्हणताय? म्हणाली, “सांगते तिला, वरचं तुझं, खालचं हिचं.”

एका भाजीच्या टेम्पोतून ते सगळं शहापूरला माझ्या घरी आलं. केंद्रावर का नाही नेलं? कारण साहेबांनी आधी कागद मागितले असते आणि तोपर्यंत कोंब वाळले असते. नंतर मी नुकसानीचा अहवाल भरला, तेव्हा कारणाच्या रकान्यात पूर, कीड, उंदीर आणि इतर एवढेच पर्याय होते. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘ग्रामदेवतेस अर्पण.’ साहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं आता संपलं. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात, जबाबदारी माझीच.”

“अजूनही माझीच आहे, सर. वर्षभराने विचारा.”

त्या हिवाळ्यात आमच्या गच्चीवर भात होतं. थंडीत दिवस लहान होतात आणि असल्या जुन्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, रक्ताच्या भाताला लहान दिवस दिसले की फुलोरा सुचतो, हे माझ्या पथ्यावर पडलं. रोपं जेमतेम वीतभर होती, पण लोंब्या आल्या. मग चिमण्या आल्या. मी घरातल्या मच्छरदाण्या काढून रोपांवर घातल्या. आमचे हे डास मारत म्हणाले, “या घरात कोणाची जास्त काळजी घेतली जाते ते एकदाचं कळलं.” काही डबे दगावले. उरलेल्यांतून प्रत्येक रोपाचे मूठभरसुद्धा नव्हे, बोटांच्या चिमटीत मावतील एवढे दाणे मिळाले. ते वेगवेगळ्या पुड्यांत बांधून मी कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यात घातली.

तिकडे दिवाळीला एजंट आला, सखारामला घेऊन खाचराच्या बांधावर उभा राहिला. हिराबाईने सही दिली नाही. त्या वर्षी उरलेलं, न निवडलेलं भातही शेवटी पावसाने झोपलंच होतं, त्यामुळे तिच्या हातात दाखवायला काही नव्हतं. घरात भांडण झालं, सखाराम दोन रविवार आलाच नाही. मी तिला फोनवर म्हटलं, “हिरा, माझ्या भरवशावर तू एवढं ताणू नकोस. अजून निदान दोन पावसाळे लागतील. आणि तरी मी शब्द देऊ शकत नाही.”

“शब्द कुनी मागितला तुमच्याकनं?” ती म्हणाली. “बी कवा आनताय त्येवढं सांगा.”

पुढच्या पावसाळ्यात चिमटीतले दाणे राबात, म्हणजे रोपं तयार करायच्या भाजलेल्या वाफ्यात, पेरले, ओळी लावल्या, त्यांतली सर्वात चांगली ओळ ठेवली. त्या वर्षी वारा फारसा सुटला नाही, त्यामुळे कसोटी झालीच नाही. त्या एका ओळीच्या बियाण्यावर त्याच्या पुढच्या वर्षी हिराबाईची सगळी खाचरं लागली. सखारामने आधीच बजावलं होतं की हे शेवटचं साल, यंदा भात पडलं की सही. एजंटाला त्याने दसऱ्यानंतर यायला सांगून ठेवलं होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि त्या महिन्यात मला जेवण गोड लागत नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास एक दिवस दुपारपासून घाटाच्या दिशेने आभाळ काळंनिळं झालं. शहापुरातसुद्धा झाडं मोडली, वीज गेली. मी हिराबाईला फोन लावत राहिले, लागेना. उजाडताच निघाले. मुरबाडपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात झोपलेलं होतं. एकाही खाचरातली लोंबी जमिनीपासून वर नव्हती. मी गाडीच्या खिडकीतून बघायचं बंद केलं.

वाडीपाशी उतरले. शेजारची खाचरं सपाट होती, पाण्यावर पेंढा पसरल्यासारखा दिसत होता. आणि त्यांच्या मधोमध हिराबाईचं भात उभं होतं. कडेला थोडं कललं होतं, एका कोपऱ्यात ओढ्याने वाहून नेलं होतं, पण बाकीचं उभं होतं. ओलं, जड, तांबडं.

सखाराम रात्रीच कल्याणहून आला असावा. तो पँट वर करून खाचरात उतरला होता आणि हाताने एकेक रोप आडवं दाबून सोडून देत होता. रोप परत वर यायचं. तो पुढच्या रोपापाशी जायचा, तेच करायचा. हिराबाई बांधावर उभी राहून बघत होती. मला बघून तिने नुसती मान हलवली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

या भाताला पुढे नंबर मिळाला, ते सरकारी यादीत गेलं, आणि मला पुरस्कार मिळाला. मानपत्रात ‘स्थानिक वाणापासून’ असा एक शब्दप्रयोग आहे. हिराबाईचं नाव त्यात नाही. ते घालावं म्हणून मी दोन वेळा पत्र लिहिलं, नियमात बसत नाही असं उत्तर आलं. ती खंत मला आहे आणि राहील. म्हणून निदान इथे लिहिते आहे.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. सखाराम शेवटी बांधावर आला, पायाचा चिखल गवताला पुसला. बायकोकडे न बघता म्हणाला, “एजंटला फोन करून सांग, येऊ नको म्हनावं.”

“सांगितलंय,” हिराबाई म्हणाली.

“कवा?”

“काल सकाळी.”

काल सकाळी म्हणजे पावसाच्या आधी. आभाळ भरून यायच्याही आधी. सखाराम तिच्याकडे बघतच राहिला. मीसुद्धा.

“आणि रात्री पडलं असतं तर गं?” मी विचारलं.

“तर पुढल्या साली परत लावलं असतं,” ती म्हणाली आणि विळा घेऊन खाचरात उतरली.